पातळ वरणाचे अभिमानी

पुण्यात सध्या डाळीच्या प्रश्नावर दोन पक्ष पडले आहेत. एकाला मी डब्याचा पक्ष म्हणते, दुसऱ्याला वरणाचा. डब्याच्या पक्षाचे म्हणणे असे की, डाळीत प्रथिने असतात ही नुसती आजीबाईंची समजूत आहे. शरीर कमवायचे तर भुकटीचा डबा आणावा आणि सकाळ-संध्याकाळ त्यातला एकेक चमचा पाण्यात घुसळून प्यावा. वरणाच्या पक्षाचे म्हणणे असे की, वरणभात, त्यावर तुपाची धार आणि लिंबाची फोड हे पूर्णान्न आहे. पूर्वजांनी ते विचार करून ठरवून दिले आहे. त्यापलीकडे ज्याला काही लागते तो केवळ जिभेचा गुलाम. दोन्ही पक्षांत शिकलेली माणसे आहेत. दोन्ही पक्ष उठल्याबसल्या शास्त्राचे नाव घेतात. परंतु दोघांपैकी एकानेही हातात तराजू घेतलेला नाही, ही माझी तक्रार आहे. एक डाळीची निंदा करतो, दुसरा डाळीची पूजा करतो, आणि या भांडणात ज्या पोरांच्या ताटात डाळ पडायला हवी त्यांच्या ताटाकडे कोणी पाहत नाही. त्यातही मला विचाराल तर निंदकांपेक्षा पूजकांनी केलेले नुकसान मोठे आहे. ते कसे, हे दाखवण्यासाठीच हा लेख.

रसायनशास्त्राची पदवी माझ्यापाशी नाही. माझे शिक्षण मॅट्रिकपाशी थांबले. पण या वादाला पदवी लागत नाही. त्रैराशिक लागते, आणि ते मी पोरांना वर्षानुवर्षे शिकवीत आले आहे.

प्रथम डब्याच्या पक्षाचा हिशेब चुकता करू. बी म्हणजे झाडाने आपल्या लेकरासाठी बांधून दिलेली शिदोरी. गहू, तांदूळ, ज्वारी ही गवताच्या कुळातली झाडे मुख्यतः पिष्टाची शिदोरी बांधतात. तूर, हरभरा, मूग, मटकी, उडीद, मसूर, चवळी, वाल, कुळीथ ही शेंगांच्या कुळातली झाडे पिष्टाबरोबर नत्राचीही गाठोडी देतात. ही श्रीमंती त्यांच्या मुळांतून येते. मुळांवरच्या गाठींत जे जंतू राहतात, ते हवेतला नत्रवायू बांधून झाडाला देतात आणि झाड त्यांना साखर देते. हेलरीगेल आणि विलफार्ट या जर्मन शास्त्रज्ञांनी १८८६ ते १८८८ च्या सुमारास हे सिद्ध केले. आपला शेतकरी ज्वारीनंतर हरभरा पेरून जमिनीला विसावा देत आला, त्यामागचे कारण हेच. जो नत्र इतर पिकांना खतातून विकत घ्यावा लागतो, तो या पिकांना बराचसा हवेतून मिळतो, आणि त्याचीच पुढे प्रथिने होतात.

आता आकडे. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या कोष्टकांप्रमाणे १०० ग्रॅम कोरड्या तूरडाळीत सुमारे २२ ग्रॅम प्रथिने असतात. मूगडाळीत व मसुरीत सुमारे २४, मटकीत सुमारे २०. तांदळात मात्र सुमारे ८. डब्याचा पक्ष येथे लगेच हात वर करतो: ‘डाळीत २२ प्रथिने असली तरी ५५-६० पिष्ट आहे, मग तिला प्रथिनांचे अन्न कसे म्हणायचे?’ आक्षेप खरा आहे. डाळ हे शुद्ध प्रथिन नव्हेच. पण शुद्ध प्रथिन खाऊन जगणारा मनुष्य मी अजून पाहिलेला नाही. मनुष्य जेवण जेवतो. आणि डाळीतले पिष्ट हे काही पाप नव्हे. ते तंतूंच्या जाळीत अडकलेले असल्यामुळे भातातल्या पिष्टापेक्षा सावकाश विरघळते, रक्तात साखर एकदम चढू देत नाही. शिवाय त्याच १०० ग्रॅमांत लोह आहे, फोलेट आहे, पोटॅशियम आहे. कुळीथ असेल तर चुन्याचा अंश भरपूर आहे. डब्यात हे काय आहे?

आणि डब्यात मुळात असते तरी काय? बहुतेक महाग डब्यांत दुधाचे चीज किंवा पनीर केल्यावर जे पाणी उरते, त्यातून काढलेले प्रथिन असते. ते प्रथिन उत्तम असते, याबद्दल वाद नाही. पण पनीर केल्यावर राहिलेल्या ज्या पाण्यात आपल्या घरातली बाई मुकाट्याने कणीक भिजवते, तेच वाळवून, व्हॅनिलाचा वास लावून, परदेशी नाव घेऊन आले की त्याला तालमीत मान मिळतो! काही डबे सोयाबीनचे असतात. सोयाबीन हे तर शेंगांच्या कुळातलेच बी. त्यात प्रथिने ३६-३७ आणि तेल २० च्या घरात. ते आपल्या मराठवाड्यात आणि विदर्भात पिकते. त्याच्या जाती पुण्यातच, आगरकर संशोधन संस्थेत, वर्षानुवर्षे तयार झाल्या. आपण त्यातले तेल काढून घेतो आणि प्रथिनांनी भरलेली पेंड जनावरांना, कोंबड्यांना घालतो, बोटीत भरून परदेशीही पाठवतो. मग त्याच कुळातल्या बियांची भुकटी डब्यातून विकत आणून म्हणतो, डाळीत काही अर्थ नाही. याला अज्ञान म्हणावे की ऐट म्हणावी, हे वाचकांनीच ठरवावे.

एवढ्याने डब्याच्या पक्षाची वासलात लागली असे समजून वरणाच्या पक्षाने टाळ्या वाजवू नयेत. त्यांच्याशीच माझे खरे भांडण आहे.

वरणभात हे पूर्णान्न आहे, हे विधान अर्धे खरे आहे. आणि अर्धे खरे विधान संपूर्ण खोट्यापेक्षा जास्त दिवस टिकते. त्यातले खरे अर्धे असे. प्रथिन म्हणजे एकच एक पदार्थ नव्हे. सुमारे २० अमिनो आम्लांची ती माळ असते आणि त्यांतली काही शरीराला स्वतः करता येत नाहीत, ती अन्नातूनच यावी लागतात. तांदळाच्या प्रथिनात लायसिन कमी पडते. डाळीत लायसिन भरपूर, पण मेथायोनिन आणि सिस्टिन ही गंधकयुक्त अमिनो आम्ले कमी. ती तांदळात पुरेशी आहेत. एकाचे उणे दुसरा भरून काढतो. भात आणि वरण, भाकरी आणि उसळ, इडलीतले तांदूळ आणि उडीद, खिचडी, पुरणपोळी, या सर्व जोड्या रसायनशास्त्राने मान्य केलेल्या आहेत. पूर्वजांना लायसिन ठाऊक नव्हते. पण अनुभव हाही एक प्रकारचा प्रयोगच असतो, एवढे श्रेय मी त्यांना आनंदाने देते.

खोटे अर्धे आहे ते प्रमाणाचे. जोडी जमली म्हणजे संसार झाला असे होत नाही. दोघांनी पुरेसा वाटा उचलावा लागतो. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेने २०२० साली धान्य, कडधान्य आणि दूध यांचे ३ : १ : २.५ असे प्रमाण सांगितले आहे. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शिकेत २००० कॅलरींच्या दिवसाच्या आहारात धान्य २५० ग्रॅम आणि डाळी-कडधान्ये ८५ ग्रॅम धरली आहेत. आता आपल्या वरणाकडे पाहा. चौघांच्या घरात एका वेळेला मूठभर, म्हणजे फार तर ६० ग्रॅम तूरडाळ कुकरात जाते. माणशी १५ ग्रॅम झाली. तिच्यात प्रथिने ३.३ ग्रॅम. दोन्ही वेळा वरण केले तरी डाळ ३० ग्रॅम आणि प्रथिने साडेसहा. पासष्ट किलो वजनाच्या पुरुषाला दिवसाला ५४ ग्रॅम प्रथिने हवीत, असे हीच परिषद सांगते. म्हणजे आपण ज्या पूर्णान्नाचा अभिमान बाळगतो, त्यातला डाळीचा वाटा गरजेच्या एक-अष्टमांश भरतो. उरलेला हिशेब भात आणि पोळी भरतात, आणि श्रेय वरण घेते. डाळ शिजली की तिच्यात पाणी घालायचे, पाहुणा आला की आणखी घालायचे, आणि वर हिंगाचा वास दरवळला की ‘काय सुरेख वरण झालंय!’ म्हणायचे, ही आपली पाककला. वासाला प्रथिने नसतात.

याला कोणी घरच्या बाईचा कंजूषपणा म्हणेल तर मी ते मान्य करणार नाही. पाणी घरात घालण्याआधी ते देशाच्या धोरणात घातले गेले. १९६१ साली भारतात माणशी दर दिवशी ६९ ग्रॅम डाळी-कडधान्ये उपलब्ध होती. २००१ साली ती ३० ग्रॅमवर आली. पुढे ती थोडी सावरली, पण १९६१ ची पातळी पुन्हा आली नाही. या चाळीस वर्षांत आपण धान्याच्या बाबतीत स्वयंपूर्ण झालो, हरितक्रांतीचे पोवाडे गायिले, आणि ते गाण्यासारखे होतेही. उपासमारीच्या भयातून तिने आपल्याला सोडवले. पण पाण्याची, खताची आणि हमीभावाने प्रत्यक्ष खरेदीची सोय गहू-तांदळासाठी झाली, उसासाठी झाली, आणि डाळी राहिल्या कोरडवाहू रानात, पावसाच्या आणि घाटेअळीच्या मर्जीवर. मग भाव वाढला की ओरडायचे. २०१५ साली तूरडाळ किलोला २०० रुपयांच्या घरात गेली, तेव्हा गुलटेकडीच्या भुसार बाजारापासून पेठांतल्या वाण्यापर्यंत सगळीकडे हळहळ ऐकू आली. पण डाळ महाग झाली म्हणजे नक्की काय झाले? ज्याच्या घरी दूध, दही, दाण्याचे कूट आहे त्याच्या घरी वरण पातळ झाले. ज्याच्या घरी यातले काहीच नाही त्याच्या घरी ते नाहीसेच झाले.

आणि तरीही पुस्तकांतून, भाषणांतून डाळीला ‘गरिबांचे मांस’ म्हणण्याची चाल आहे. या शब्दप्रयोगाचा मला मनस्वी तिटकारा आहे. त्यात दोन अपराध आहेत. एक, डाळ ही मांसाची नक्कल ठरते, जणू तिला स्वतःची योग्यता नाही. आणि दुसरा, गरिबाने मांस मागू नये, त्याच्यासाठी हे नेमून दिले आहे, असा हुकूम त्यात दडलेला असतो. हा हुकूम देणाऱ्याने निदान नेमून दिलेले तरी भरपूर द्यावे! ते तो देत नाही.

याचा सर्वांत ठळक दाखला शाळेत मिळतो. केंद्राच्या पोषण आहार योजनेत पहिली ते पाचवीच्या मुलाला रोज १०० ग्रॅम धान्य आणि २० ग्रॅम डाळ ठरलेली आहे; सहावी ते आठवीच्या मुलाला १५० आणि ३०. पहिल्या गटाला १२ ग्रॅम प्रथिने मिळावीत, दुसऱ्याला २०, असे उद्दिष्ट आहे. पाटी घ्या आणि हिशेब करा. १०० ग्रॅम तांदळात प्रथिने ८. २० ग्रॅम डाळीत सुमारे साडेचार. बेरीज साडेबारा. उद्दिष्ट गाठले! पण ते गाठले कोणी? दोन-तृतीयांश भाताने. आपल्या तज्ज्ञांनी सांगितलेले प्रमाण ३ : १ आणि आपल्या पातेल्यातले प्रमाण ५ : १. बरे, तज्ज्ञांच्या प्रमाणात दूधही धरलेले आहे. ते या जेवणात नाही. म्हणजे डाळ उलट जास्त हवी होती. कागदावर तोंडमिळवणी जेमतेम होते, हे खरे. पण कोष्टकातले प्रथिन म्हणजे केल्डालने १८८३ साली शोधलेल्या रीतीने मोजलेला नत्र, त्याला सव्वासहाने गुणलेला. तो बरणीतला आकडा झाला. त्यातले किती पोराच्या पोटात पचते, हा वेगळा प्रश्न आहे, आणि वनस्पतिज प्रथिनात त्या वाटेवर थोडीफार गळती होतेच. जेमतेम हिशेबाला गळती परवडत नाही.

येथे वरणाचा पक्ष आपले खरे रूप प्रकट करतो. २०२३ च्या नोव्हेंबरात महाराष्ट्र शासनाने शाळेतल्या मुलांना आठवड्यातून एक अंडे, आणि न खाणाऱ्यांना केळे, देण्याचे ठरवले. त्यावर गदारोळ झाला. २०२५ च्या जानेवारीत शासनाने अंड्यासाठी पैसे देणे थांबवले. कोणाला द्यायचेच असेल तर लोकवर्गणीतून द्यावे, असे सांगितले. अंड्याला विरोध करणाऱ्यांचा एक आवडता मुद्दा होता, की आपल्या डाळीत काय कमी आहे? ज्यांना अंडे वर्ज्य आहे त्यांच्या श्रद्धेविषयी मला आदर आहे. त्यांच्या मुलाच्या ताटात ते कोणी टाकू नये. पण ज्यांच्या घरी ते वर्ज्य नाही, त्यांच्या मुलाच्या ताटातून ते काढून घेताना डाळीचा हवाला देणाऱ्यांना माझा एकच सवाल आहे. एका अंड्यात सुमारे ६ ग्रॅम प्रथिने असतात, आणि तीही जवळजवळ पूर्णपणे पचणारी. तेवढीच डाळीतून द्यायची तर त्या दिवशी निदान ३० ग्रॅम डाळ वाढवावी लागेल. ती तुम्ही मागितलीत काय? अंडे काढा म्हणून निवेदने गेली. अंड्याऐवजी डाळ दीडपट करा, म्हणून किती निवेदने गेली? डाळीवर इतकी भक्ती होती, तर डाळीसाठी कोणी रस्त्यावर का उतरले नाही? ज्या देवाचा हवाला देऊन दुसऱ्याचा घास काढायचा, त्या देवाला नैवेद्य मात्र पाण्याचा, ही भक्ती नव्हे.

आता एक जुना आक्षेप. ‘कडधान्ये वातूळ असतात, पोरांना सोसत नाहीत.’ हा आक्षेप खोटा नाही, पण तो आळशी आहे. कडधान्यांत रॅफिनोज, स्टॅकिओज, व्हर्बॅस्कोज अशा नावांच्या साखरा असतात. त्या तोडण्याचे विकर माणसाच्या आतड्यात नाही. त्या तशाच मोठ्या आतड्यात जातात, तिथले जंतू त्यांच्यावर ताव मारतात आणि वायू होतो. बियांत आणखी काही अडथळे असतात. प्रथिने पचवणाऱ्या ट्रिप्सिन या विकराला अडवणारी द्रव्ये असतात. लोह व जस्त बांधून ठेवणारे फायटिक आम्ल असते. राजम्यात तर असे द्रव्य आहे की तो अर्धवट शिजला तर उलट्या होतात. बीने हे सर्व आपल्यासाठी केलेले नाही. किडीपासून, जनावरांपासून स्वतःचे रक्षण करण्यासाठी केले आहे. शिदोरीला कुलूप लावले आहे, एवढेच. आणि त्या कुलपाची किल्ली आपल्या स्वयंपाकघरात कित्येक शतके टांगलेली आहे. ती म्हणजे भिजवणे, मोड आणणे आणि नीट शिजवणे. भिजवलेल्या पाण्यात त्या साखरांचा काही भाग उतरतो. मोड येताना बी स्वतःच उरलेल्या साखरा आणि फायटिक आम्ल मोडू लागते, कारण आता शिदोरी सोडण्याची वेळ आलेली असते. उकळीने ट्रिप्सिनचे अडथळे बहुतांशी नष्ट होतात. अमेरिकेत ऑस्बोर्न आणि मेंडेल यांनी १९१७ साली दाखवून दिले की, कच्च्या सोयाबीनवर उंदीर नीट वाढत नाहीत, शिजवलेल्यावर वाढतात.

मोडाची आणखी एक करामत आहे. कोरड्या मटकीत ‘क’ जीवनसत्त्व नसल्यासारखेच असते. मोड येताच ते तयार होऊ लागते. पहिल्या महायुद्धात कूत-अल-अमाराच्या वेढ्यात हिंदी शिपाई स्कर्व्हीने जर्जर झाले. त्याच युद्धाच्या काळात लंडनच्या लिस्टर संस्थेत हॅरिएट चिक आणि एलेन डेल्फ या दोन बायकांनी कोरड्या आणि मोड आलेल्या बियांची तुलना करून, मोड आलेल्या बियांत स्कर्व्हीवरचा उतारा आहे हे दाखवले. ‘क’ जीवनसत्त्वाने डाळीतले लोहही शरीरात जास्त शोषले जाते. वरणभातावर लिंबू पिळण्याची आपली रीत केवळ रुचीची नाही. पण जेवल्याबरोबर कपभर कडक चहा ढोसण्याची आपली दुसरी रीत पहिलीने मिळवलेले बरेचसे घालवते, हेही वरणाच्या पक्षाने ऐकून ठेवावे. आणि मटकी लवकर शिजावी म्हणून तिच्यात खायचा सोडा टाकणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे की, त्या सोड्याने तिच्यातले ‘ब१’ जीवनसत्त्व नासते.

या विषयात आपल्याच भाषेतल्या एका बाईंचे नाव घेतल्याशिवाय पुढे जाता येत नाही, आणि बहुतेक सुशिक्षितांना ते ठाऊक नसते याची खंत वाटते. कमला सोहोनी, माहेरच्या भागवत. दुर्गाबाई भागवतांच्या धाकट्या बहीण. १९३३ साली बंगळूरच्या विज्ञानसंस्थेत, त्या स्त्री आहेत एवढ्याच कारणावरून, सर चंद्रशेखर वेंकट रामन यांनी त्यांना प्रवेश नाकारला. त्या हटल्या नाहीत, तेव्हा अटी घालून घेतले. तिथे त्यांनी दूध, डाळी आणि कडधान्ये यांतल्या प्रथिनांवर काम केले. १९३९ साली केंब्रिजची पीएच.डी. मिळवली. पुढे मुंबईच्या विज्ञानसंस्थेत त्यांनी आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी आपल्या बाजारात मिळणाऱ्या कडधान्यांतले ट्रिप्सिनरोधक तपासले. वालातला आणि डबल बीतला रोधक स्फटिकरूपात वेगळा काढला. आपल्या आजीने वाल भिजवून, मोड आणून, सोलून बिरडे का केले, याचे उत्तर या बाईंनी प्रयोगशाळेत शोधले. दुर्गाबाईंचे शब्द आपण पाठ करतो, ते योग्यच आहे. पण त्यांच्या बहिणीने आपल्या ताटाविषयी काय सांगितले, ते आपल्या घरात पोचले नाही.

भिजवणे आणि मोड आणणे हे शब्द लिहायला सोपे आहेत. ते करतो कोण? रात्री आठवणीने भिजत घालायचे, सकाळी उपसायचे, फडक्यात बांधायचे, उन्हाळ्यात आंबणार नाही आणि थंडीत अडणार नाही अशी जागा पाहायची, दुसऱ्या दिवशी निवडायचे. पूर्वजांनी पूर्णान्न ठरवून दिले, असे सांगणाऱ्यांपैकी कितीजणांनी फडके बांधले आहे? शाळेच्या पाककृतींच्या यादीत मोड आलेल्या मटकीची उसळ आहे, आणि ती असावीच. खेड्यातल्या शाळेत ती जी बाई शिजवते, तिचे मानधन २०२३ साली वाढवून महिना २,५०० रुपये करण्यात आले. मानधन हा शब्द मोठा सोयीचा आहे. मान द्यायचा म्हणजे धन कमी दिले तरी चालते. शंभर पोरांची मटकी भिजवून मोड आणणे हे दीड दिवसाचे काम आहे. ते नीट व्हायचे असेल तर त्याचा दाम मोजला पाहिजे. नाहीतर मोड कागदावरच येतील.

डाळीच्या रसायनात समाज कसा मिसळलेला असतो, याचे याहून भीषण उदाहरण विदर्भाकडे आहे. भंडारा-गोंदियाच्या धानपट्ट्यात, धान कापण्यापूर्वीच्या ओलीवर लाख पेरतात; तिला लाखोळीही म्हणतात. पाणी नको, खत नको, मशागत नको, आणि प्रथिने भरपूर. पण तिच्यात एक विषारी अमिनो आम्ल आहे. १९६३-६४ साली आपल्याच देशातल्या शास्त्रज्ञांनी ते ओळखले. महिनोन् महिने मुख्य अन्न म्हणून लाखच खाल्ली तर पाय लुळे पडतात आणि ते पुन्हा बरे होत नाहीत. १९६१ साली केंद्र सरकारने तिच्या विक्रीवर बंदी घातली. आता विचार करा. वरणात अधूनमधून मूठभर लाख मिसळणाऱ्या कुणब्याला हा रोग होत नव्हता. तो झाला मध्यप्रदेशातल्या रेवा भागातल्या वेठबिगारांना, ज्यांना मालक मजुरी म्हणून लाखच मोजून देत आणि ज्यांच्या चुलीवर दुसरे काही चढतच नसे. तो झाला १९४२-४३ साली रुमानियाच्या ताब्यातल्या वाप्नियार्का छावणीत कोंडलेल्या ज्यूंना, ज्यांना हीच बी उकडून खायला घालत. गरम पाण्यात भिजवून ते पाणी फेकले तर विषाचा बराच अंश जातो. पण भुकेला आणि बंदिवानाला पाणी फेकण्याचीही मुभा नसते. विष बियांत होते, हे रसायनशास्त्र सांगेल. ते पोटात कोणी घातले, हे रसायनशास्त्र सांगणार नाही. ते आपण सांगायला हवे. आपण बियाण्यावर बंदी घातली. पोटभर दुसरे अन्न नाकारणाऱ्या मालकाचा प्रश्न मात्र त्या बंदीने सुटला नाही.

आमच्या पुण्यातल्या सोवळ्या स्वयंपाकघरालाही एक टोला दिल्याशिवाय राहवत नाही. एकादशीला डाळ चालत नाही, शेंगदाणे चालतात. म्हणून खिचडीत कूट, भाजीत कूट, आमटी दाण्याची. वनस्पतिशास्त्राला हा भेद माहीत नाही; भुईमूग हा तुरीचाच सोयरा, शेंगांच्याच कुळातला, आणि प्रथिने तुरीहून किंचित जास्तच. म्हणजे पुण्यात जो खरा निष्ठेने उपास करतो, तो त्या दिवशी इतर दिवसांपेक्षा जास्त कडधान्य खातो! मिसळीचे उलटे. जगभर तिची कीर्ती. पण तर्री आणि फरसाण बाजूला सारून तळाशी मटकी शोधावी लागते.

तात्पर्य, मला डाळीची निंदाही नको आणि आरतीही नको. मला डाळ हवी आहे. शाळेच्या पातेल्यात तिचे प्रमाण ५ : १ वरून ३ : १ वर आणा; पहिली ते पाचवीच्या पोराला २० ऐवजी ३३ ग्रॅम द्या. ज्यांच्या घरी अंडे चालते त्यांचे अंडे वर्गणीच्या भरवशावर सोडू नका, आणि ज्यांच्या घरी चालत नाही त्यांना त्या दिवशी केळ्यावर न भागवता तेवढ्या प्रथिनांची उसळ द्या. केळे गोड असते, पण त्यात प्रथिन जेमतेम ग्रॅमभर असते. तुरीला आणि हरभऱ्याला हमीभाव नुसता जाहीर करू नका, त्या भावाने माल उचला. मोड आणणाऱ्या बाईला मान कमी दिलात तरी चालेल, धन पुरेसे द्या. आणि हे सर्व सरकारवर ढकलून आपण मोकळे होऊ नये. उद्या कुकर लावताना घरातल्या कर्त्याने एकदा डाळ तराजूत घालून पाहावी, माणसांच्या संख्येने भागावी, आणि मग पूर्णान्न हा शब्द तोंडातून निघतो का ते पाहावे.

ज्याला डाळीचा खरोखर अभिमान आहे, त्याचे वरण घट्ट असले पाहिजे, आणि शेजारच्या पोराचेही. अभिमान मोजण्याचे याहून सोपे माप मला माहीत नाही.